शरदातल्या नोंदी: नाव सर्वांत शेवटी

हस्ताच्या सरी ओसरल्या, धानाच्या बांध्यांमधलं पाणी उतरू लागलं की आमच्या निसर्ग मंडळात नवी माणसं यायला लागतात. कुणी शाळेत शिकवतं, कुणाचं कृषी केंद्र आहे, कुणी यंदा बारावीला आहे. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक तरी फोटो असतो आणि प्रश्न ठरलेला: "हे कोणतं होय जी?" फोटो बहुतेक वेळा वरून काढलेला. अळिंबीची, म्हणजे मशरूमची, पांढरी गोल टोपी, बाजूला थोडं गवत, बस्स. कुठे उगवलं होतं? तलावाकडे. मातीतून की लाकडातून? आठवत नाही. खालून कसं दिसत होतं? पाहिलं नाही.

अशा फोटोवरून नाव सांगता येत नाही, आणि कुणी सांगितलंच तर त्यावर भरवसा ठेवू नये. नाव शोधायला पुढचा सगळा हिवाळा पडलेला असतो. पण ती छत्री उद्या दुपारपर्यंत काळी पडून आडवी होते, ते पाऊल पुढच्या बैलगाडीखाली जातं, तो पक्षी संध्याकाळपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यात पोचलेला असतो. म्हणून मंडळात येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगते, की वहीतला नावाचा रकाना कोरा राहू द्या, बाकीचे आधी भरा. ते कसं भरायचे, हे इथे सांगतेय. मी भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातून लिहितेय. चंद्रपूर-गडचिरोलीकडे हे जवळपास तसंच लागू पडेल. वर्धा-यवतमाळच्या कापूसपट्ट्यातल्यांनी बोडीच्या (शेतातल्या छोट्या तळ्याच्या) जागी आपला नाला धरावा.

आधी एक फेरी ठरवा

नवा माणूस लगेच ताडोब्याला नाहीतर नागझिऱ्याला जायचं म्हणतो. जरूर जा. पावसाळ्यात बंद असलेला ताडोब्याचा गाभा ऑक्टोबर लागला की उघडतो आणि तेव्हाचं हिरवं जंगल पाहण्यासारखंच असतं. पण तिथे जिप्सीतून उतरता येत नाही. नोंदी घ्यायला शिकायचं तर पायी, सावकाश आणि पुन्हा पुन्हा त्याच वाटेने फिरावं लागतं.

गावाभोवतीची अर्ध्या-पाऊण तासाची वाट निवडा. तिच्यात थोडं पाणी हवं, मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) असो की एखाद्या शेतातली बोडी. एक पांदण हवी, एखादा म्हातारा मोह किंवा ऐन, पडून कुजत चाललेला ओंडका आणि जुनं वारूळ. आखरावर (गावची गुरं जमतात तिथे) शेण असतं, खळ्यावर तणस (धानाचा पेंढा) असते, आणि या दोन्हींवर काही ना काही उगवतंच. माझ्या फेरीत बोडीची पाळ आहे, पाळीवर तीन मोह, त्यांच्या खाली दोन वर्षांपूर्वीच्या वादळात पडलेली सालईची फांदी, आणि परतताना शेजाऱ्यांचा तणसाचा ढीग. एवढ्याशा जागेने माझ्या चार वह्या भरल्या.

दर आठवड्याला त्याच वाटेने गेलं की बदल दिसतात, आणि शरद हा सगळा बदलाचाच काळ आहे. भाद्रपदात गायबगळ्यांच्या डोक्या-मानेवर केशरी रंग उरलेला असतो. दिवाळीपर्यंत ते पांढरेफेक होतात. शिंगाड्याच्या पानांवरून चालणाऱ्या कमळपक्ष्याची लांब शेपटी गळून पडते आणि तो इतका साधा दिसू लागतो की नव्या माणसाला तो दुसराच पक्षी वाटतो. मोर पिसारा टाकून देतात. सुगरणींची घरटी बाभळीवर रिकामी लोंबत राहतात. आणि सप्टेंबरातल्या एखाद्या सकाळी नाल्यातल्या दगडावर शेपूट खालीवर करणारा करडा धोबी दिसतो, तेव्हा कळतं की उत्तरेकडचे पाहुणे यायला लागले. हा पहिला धोबी कोणत्या तारखेला दिसला, एवढी एक ओळ दहा वर्षं सलग लिहिली तरी तिला मोल येतं. त्याच जागी दर आठवड्याला जाणाऱ्यालाच ती लिहिता येते.

जीव सांभाळून

हा भाग वगळून कुणीही पुढे जाऊ नये.

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोलीच्या पट्ट्यात वाघ अभयारण्याच्या बाहेरही राहतो: झुडपी जंगलात, नाल्याच्या काठाने, कधी धानाला लागूनच. त्याच्या हल्ल्यात सापडतात ती बहुतेक सरपणाला, मोहफुलं वेचायला, तेंदूपाने तोडायला, सात्या (वारुळाजवळ उगवणारी अळिंबी) काढायला गेलेली आपलीच माणसं. खाली वाकून, बसून काम करणाऱ्या माणसाला धोका जास्त, आणि अळिंबीचा फोटो काढणारा नेमका तसाच बसलेला असतो. म्हणून आमच्या मंडळाचा नियम असा आहे की एकट्याने फेरीला जायचं नाही. एकजण वाकला की दुसरा उभा राहून चहूकडे नजर ठेवतो, मोबाइलमध्ये पाहत नाही. ऊन चांगलं वर आल्यावर निघायचं आणि दिवस कलायच्या आत घरी यायचं. बोलत चालायचं. गावात वाघाची किंवा बिबट्याची वार्ता असेल त्या आठवड्यात फेरी घराच्या आवारापुरती. नोंद राहिली तर राहू द्यावी.

अस्वलाला वाळवी आवडते आणि आपल्याला वारुळाजवळच्या सात्या, त्यामुळे गाठ पडायची शक्यता असते. वारूळ ताजं उकरलेलं दिसलं, आतली माती अजून ओली असली, तर तिथूनच मागे फिरा.

दुसऱ्याच्या शेतात शिरण्याआधी शेतमालकाला विचारा. हा शिष्टाचार आहेच, शिवाय रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडलेली असते. तिने जनावरं मरतात आणि माणसंही मरतात. कोणत्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) तार आहे हे गावातल्या गड्यांना माहीत असतं, पाहुण्याला नसतं.

धान कापणीच्या दिवसांत घोणस बांधीत आणि धुऱ्यावर असते. घोट्याच्या वर येणारे बूट घाला, काठी सोबत ठेवा, ओंडक्याखाली किंवा वारुळाच्या भोकात हात घालू नका. साप चावलाच तर बांधाबांध, चिरणं, झाडपाला यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठा. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: पावसाळ्याच्या शेवटी गवता-झुडपांत चिगर नावाचा अगदी बारीक, गोचिडीच्या नात्यातला जीव असतो. त्याच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत याची मोठी साथ आली होती, माणसं दगावली होती. फेरीहून आल्यावर अंघोळ करा, कपडे गरम पाण्यात टाका. एक-दोन आठवड्यांनी ताप आला आणि अंगावर कुठे न दुखणारी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना "मी झुडपात फिरत होते" हे आवर्जून सांगा. वेळेवर कळलं तर औषध साधंच आहे.

परवानगीचंही बघा. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातून पानसुद्धा उचलायचं नसतं. बाकी वनात जायचं तर वनरक्षकाला सांगून जा. जिथे गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे तिथे ग्रामसभेला विचारा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये तो हक्क मिळाला, आणि त्यानंतर आपल्याकडे बऱ्याच गावांना मिळाला आहे.

पिशवीत काय असावं

फार काही नको. जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल, कारण पेनाची शाई दवात फुटते. मोबाइल. १० रुपयांचं नाणं, जे २७ मिलिमीटर रुंद असतं आणि कुठल्याही फोटोत माप म्हणून ठेवता येतं. शाळेतली १५ सेंमीची पट्टी. दोन-तीन कागदी पिशव्या (प्लास्टिकच्या पिशवीत अळिंबी तासाभरात घाम सुटून सडते). आणि एक छोटा आरसा, पावडरच्या डबीतला असतो तसा. तो कशाला, ते आता सांगते.

अळिंबी

आपल्याकडे याला नावं बरीच. पुस्तकात अळिंबी आणि भूछत्र. गावात सात्या, टेकोडे. आणि खायची नाही ती सगळी कुत्र्याची छत्री. या शेवटच्या नावाखाली शेकडो जाती येतात.

दिसली की लगेच उपटू नका. आधी दोन पावलं मागे उभं राहून परिसराचा एक फोटो घ्या, म्हणजे झाड, सावली, गवत सगळं येईल. मग खाली बसून पहिला प्रश्न विचारा: ही कशातून उगवली आहे? माती, शेण, कुजका पाला, मेलेलं लाकूड, जिवंत झाडाचं बूड, वारूळ, तणस. माझ्या अनुभवात अर्धी ओळख इथेच होते, आणि नवी माणसं नेमकं हेच लिहायला विसरतात. पुष्कळदा मातीतून आल्यासारखी दिसते ती खाली पुरलेल्या मुळातून आलेली असते, म्हणून बुडाजवळची माती काडीने जरा बाजूला करून बघा. झाड कोणतं हेही लिहा.

मग बाजूने फोटो, दांडा पूर्ण दिसेल असा. दांड्यावर कडं आहे का? बुडाशी फाटक्या पिशवीसारखं काही आहे का? त्यानंतर आरसा टोपीखाली धरा आणि आरशाचा फोटो काढा. खाली वहीच्या पानांसारखे पडदे आहेत, बारीक भोकं आहेत की गुळगुळीत आहे? पडदे दांड्याला चिकटलेत की सुटे आहेत? आरशामुळे एकही छत्री न मोडता हे कळतं. एकाच जागी बऱ्याच असतील तरच एखादी बुडासकट काढायची, एकच असेल तर ती राहू द्यायची.

वास घ्या. पिठाचा, बदामाचा, सडक्या मांसाचा, काहीच नाही, जे वाटेल ते लिहा. मध्ये कापून पाच मिनिटं थांबा आणि रंग बदलतो का पाहा.

घरी आणलेल्या छत्रीचा ठसा घ्यायचा. हे काम मला सगळ्यांत आवडतं आणि मुलांनाही. दांडा कापा, टोपी पालथी न करता, आहे तशी कागदावर ठेवा. कागद अर्धा पांढरा आणि अर्धा काळा असावा, कारण पांढऱ्या कागदावर पांढरा ठसा दिसत नाही. वर पेला उपडा घाला. सकाळी पेला उचलला की पडद्यांमधून गळलेल्या बीजाणूंचं (बियांचं काम करणाऱ्या बारीक पुडीचं) चक्र कागदावर उमटलेलं असतं: पांढरं, गुलाबीसर, तपकिरी, काळं. टोपीचा रंग पावसाने, उन्हाने बदलतो; ठशाचा सहसा नाही.

या ठशाने मला एकदा चांगला धडा दिला. एका सदस्याने शाळेच्या मैदानावरच्या मोठ्या पांढऱ्या छत्र्यांचा फोटो पाठवला आणि मी घाईत "टेकोडेच दिसतात" असं सांगून टाकलं. त्याने बरं केलं की चुलीवर ठेवण्याआधी शिकवल्याप्रमाणे ठसा घेतला. सकाळी कागदावर हिरवा रंग होता. हिरवा ठसा देणारी ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस: मैदानावर, बागेत, गवतात पावसानंतर उगवते, टोपीवर तपकिरी खवले असतात, कोवळी असताना खालचे पडदे पांढरे आणि जून झाल्यावर हिरवट होतात. खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. त्या दिवसापासून फोटोवरून खाण्याविषयी मी एक शब्दही बोलत नाही, आणि आमच्या मंडळातही कुणी बोलत नाही.

याहून वाईट विष अमॅनिटा वंशातल्या काही जातींत असतं. त्यात सहा ते बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग बरं वाटल्यासारखं होतं, आणि तोवर यकृत निकामी व्हायला लागलेलं असतं. शिजवून, वाळवून, उकळून पाणी फेकून हे विष जात नाही. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण काळा पडतो, किडे खातात म्हणजे चांगली, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. तणसाच्या ढिगावर उगवणारी अळिंबी पुष्कळ जण खातात. तिच्या बुडाशी पिशवी असते आणि ठसा गुलाबी येतो. अमॅनिटाच्याही बुडाशी पिशवी असते, ठसा पांढरा येतो. कोवळेपणी दोन्ही अंड्यासारख्या दिसतात. आणि ठसा गुलाबी आला म्हणजे खाण्यायोग्य, असंही नाही. कुणी खाऊन आजारी पडलंच तर उरलेली अळिंबी, सालं, अगदी उलटीतले तुकडेसुद्धा कागदी पिशवीत घालून दवाखान्यात सोबत न्या, आणि किती वाजता खाल्लं ते सांगा.

मग गावातल्या बायका पिढ्यान् पिढ्या सात्या कशा खातात? आमच्या शेजारच्या आजींना मी हे विचारलं. त्यांना एकच जात माहीत आहे, ती येते ती वारुळं माहीत आहेत, कोणत्या नक्षत्रात येते ते माहीत आहे, आणि यातलं एक जरी चुकलं तरी त्या हात लावत नाहीत. हे ज्ञान त्या वारुळापुरतं खरं आहे. ते मोबाइलवर शिकता येत नाही.

त्या सात्यांची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्यांचा वंश टर्मिटोमायसिस. वाळवी वारुळाच्या आत बुरशीची शेती करते: पालापाचोळा, लाकूड चावून त्याचे स्पंजासारखे पोळे रचते, त्यावर बुरशी वाढते, बुरशी लाकूड पचवते आणि वाळवी ते खाते. पावसाळ्यात त्या पोळ्यातून लांब मूळ वर येतं आणि जमिनीवर छत्री उघडते. म्हणून सात्या काढताना दांडा खाली खाली जातच राहतो. वाळवीशिवाय ही बुरशी वाढत नाही, त्यामुळे बाजारात मिळते ती सगळी रानातलीच. त्यांचा भर आषाढ-श्रावणात, फार तर भाद्रपदात. ऑक्टोबरात वारुळाजवळ काही पांढरं दिसलं तर सात्या समजू नका, आधी शंका घ्या.

शरदात खरी मजा लाकडावरच्या बुरश्यांची आहे, कारण त्या टिकतात आणि सावकाश पाहता येतात. मेलेल्या फांदीवर पंख्याच्या आकाराचे, राखाडी-पांढरे, लवदार तुकडे दिसतात. खालून पाहिलं तर प्रत्येक पडद्याची कड उभी चिरलेली असते. हे शायझोफायलम. वाळून कुरकुरीत झालेला तुकडा पाण्यात टाकला तर पुन्हा उमलतो, हे घरी करून बघा. शेंदरी-लाल, पातळ, फळीसारखी दिसते ती पिक्नोपोरस. झाडाच्या बुडाशी वार्निश लावल्यासारखी चमकणारी तपकिरी फळी गॅनोडर्माची, तिच्यावर कोकोसारखी पूड साचलेली असते. कोळशाच्या गोळ्यासारखी काळी, कापल्यावर आत वर्तुळं दाखवणारी ती डाल्डिनिया. मातीत चांदणीसारखी उघडलेली आणि मध्ये पिशवी असलेली दिसली तर पिशवीला काडीने हलकेच टोचा. धूर निघाल्यासारखे बीजाणू उडतात. या पाच ओळखल्या की पुढची वाट सोपी होते.

चिखलातली पावलं

ऑक्टोबरातला पांदणीचा चिखल म्हणजे वहीच. वरून सुकत आलेला, आतून ओला. सकाळी लवकर उठलेली जनावरं त्यात सही करून गेलेली असतात. पावलाशेजारी नाणं किंवा पट्टी ठेवा आणि मोबाइल अगदी वरून, सरळ धरून फोटो घ्या. तिरप्या फोटोत माप बिघडतं. मग एकाच पावलावर न थांबता पुढची चार-पाच शोधा.

नखं उमटली आहेत का ते आधी पाहा. कुत्रा, कोल्हा, तरस यांची उमटतात. मांजराच्या कुळातली, म्हणजे वाघ, बिबट्या, रानमांजर चालताना नखं आत ठेवतात. बिबट्याचं पाऊल साधारण ७ ते ९ सेंमी रुंद, मोठ्या वाघाचं १२ च्या पुढे. पण वाघाच्या पिल्लाचं पाऊल बिबट्याएवढंच असतं, आणि पातळ चिखलात पाऊल पसरून मोठं दिसतं. म्हणून वहीत "वाघ" लिहू नका. "मांजरकुळातलं, रुंदी ११ सेंमी, ओला चिखल" एवढंच लिहा. अस्वलाला पाच बोटं आणि नखांच्या खुणा बोटांच्या बऱ्याच पुढे. मागचं पाऊल माणसाच्या अनवाणी पावलाची आठवण करून देतं.

ताजं मोठं पाऊल दिसलं तर फोटो काढून परता. माग काढत जायचं नाही. वनरक्षकाला किंवा १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवा.

पाणी आणि आभाळ

पक्ष्यांविषयी मराठीत बरंच लिहिलेलं आहे, म्हणून इथे फक्त शरदापुरतं. दसऱ्याला आपल्याकडे नीलकंठ दिसणं शुभ मानतात. विजेच्या तारेवर बसलेला, उडताना निळे पंख उघडणारा. तो दिसला की वेळ आणि जागा लिहा. वर्षानुवर्षं सगळे जण त्याच दिवशी त्याला शोधतात, यासारखी मोजणी दुसरी नाही. पिंजऱ्यात धरून पैसे घेऊन तो दाखवणारे भेटले तर पैसे देऊ नका, वनविभागाला कळवा. तो कायद्याने संरक्षित आहे.

गोंदिया-भंडाऱ्याकडे सारस बघायला मिळतो, आणि महाराष्ट्रात तो उरला आहे तो मुख्यतः इथेच, मोजका. धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ पाण्यात त्याचं घरटं असतं. शरदात जोडीसोबत तांबूस डोक्याचं पिल्लू चालताना दिसतं, क्वचित दोन. किती वाढलेले पक्षी, किती पिल्लं, कोणत्या पिकात, हे लांबून पाहून लिहायचं. जवळ जायचं नाही. सारस मान उंचावून तुमच्याकडे बघू लागला तर तुम्ही आधीच फार जवळ आला आहात.

नोव्हेंबरात मात्र आभाळाकडे पाहा. सैबेरिया-चीनकडून निघून नागालँड-मणिपूरला थांबलेले अमूर ससाणे मध्य भारतावरून आफ्रिकेला जातात. पाय लाल, थवा मोठा, आणि खाणं उडत्या वाळव्या, चतुर. त्याच सुमारास पिवळसर चतुरही वाऱ्यावर स्वार होऊन अरबी समुद्र ओलांडतात. मोबाइलएवढंही वजन नसलेला पक्षी आणि काडीएवढा चतुर, दोघंही आपल्या धानाच्या बांधीवरून जातात, ही गोष्ट मला अजून खरी वाटत नाही. पण एकाच जागी फडफडत थांबणारा पक्षी पाहून "अमूर" लिहू नका. ते काम कापशी आणि खरूची रोज करतात.

फुलपाखरांसाठी खुळखुळ्याचं किंवा तागाचं सुकलेलं झाड शोधा. त्याच्या वाळक्या शेंगा-काड्यांवर ब्लू टायगर, कॉमन क्रो ही रुईकुळातली फुलपाखरं गर्दी करतात. त्यातले नर त्या काड्यांमधून अल्कलॉइड नावाची कडू द्रव्यं शोषतात आणि त्यापासून मादीला आकर्षित करणारा गंध बनवतात. तिथे दहा मिनिटं बसलं तरी वहीचं पान भरतं.

नोंद अशी

"तलावाजवळ मस्त मशरूम" ही नोंद नव्हे. माझ्या वहीतली एक देते:

"१२ ऑक्टोबर, सकाळी ८.४०. बोडीच्या पाळीवर, दुसऱ्या मोहाखाली. चार दिवसांपूर्वी जोराचा पाऊस. पडलेल्या सालईच्या फांदीवर, साल शाबूत. पंख्यासारखे, २ ते ३ सेंमी, वरून राखाडी-पांढरे, लवदार, दांडा नाही. खालच्या पडद्यांची कड उभी चिरलेली. सुमारे ४०. वास नाही. नाव:"

नाव लिहिलेलं नाही, तरी वर जे वाचलं त्यावरून तुम्ही ते सांगू शकता.

स्वतः पाहिलं, फक्त आवाज ऐकला की कुणी सांगितलं, हे प्रत्येक नोंदीपुढे लिहा. खात्री नसेल तर तसं लिहायची लाज नको. ज्या दिवशी काहीच दिसलं नाही त्याही दिवसाची ओळ हवी: "बोडी, ४५ मिनिटं, सारस नाही." पाच वर्षांनी सारस यायचे का थांबले हे शोधायला बसू, तेव्हा अशाच ओळी उपयोगी पडतील.

कुणाला सांगायचं, काय झाकायचं

आमच्याकडे महिन्यातून एकदा वह्या घेऊन बसतात. पक्ष्यांच्या याद्या ई-बर्ड या संकेतस्थळावर आणि बाकी सगळं आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकता येतं. तिथे जगभरची माणसं फोटो पाहून मत देतात. एकाचं मत म्हणजे निकाल नव्हे, दुसऱ्याने दुजोरा देईपर्यंत थांबा. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. पहिली यादी टाकायला तो चांगला.

जागा मात्र सगळ्यांना सांगायची नसते. सारसाचं घरटं, घुबडाची ढोली, वाघिणीचं पाऊल, खवल्या मांजराचं बीळ यांची नेमकी जागा कधीही टाकू नका. आयनॅचरलिस्टवर जागा धूसर करायची सोय आहे, ती वापरा. फोटोतल्या शेताच्या मालकाचं नाव, घर, रस्त्याची पाटी दिसत असेल तर कापा. वाघाचा फोटो गावाच्या नावासकट फिरला की दुसऱ्या दिवशी त्या पांदणीवर मोटारसायकलींची रांग लागते, आणि त्रास वाघालाही होतो आणि कापणीला गेलेल्या बायकांनाही.

सगळ्यांत जवळची जागा तर ग्रामपंचायतीत आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. ती पाहायला मागा. वर्षाच्या शेवटी आपल्या वहीची स्वच्छ प्रत काढून समितीला द्या, मूळ वही घरी ठेवा. नोंदवहीत स्थानिक नावासाठी रकाना असतो, तिथे ज्यांनी सांगितलं त्यांच्याच उच्चारात लिहा: सात्या, टेकोडे, जे ऐकलं ते, आणि कोणत्या टोलीवर (वस्तीवर) ऐकलं तेही. शास्त्रीय नावाच्या रकान्यात, जोवर ठसा पाहिलेला नाही तोवर, काही लिहू नका.